माया राजस्त्रिया : माहेरचे बळ, सासरची गादी

प्रश्न : मध्य अमेरिकेतील प्राचीन माया संस्कृतीच्या राजघराण्यांतील स्त्रिया केवळ तहासाठी दिल्या जाणाऱ्या वधू होत्या, की त्यांच्या हाती प्रत्यक्ष सत्ताही असे?

उत्तर : दोन्ही खरे आहे, आणि अनेकदा पहिल्यातूनच दुसरे घडत असे. आजच्या ग्वाटेमालातील नारान्हो येथे इ. स. 682 मध्ये दोस पिलास या दुसऱ्या माया राज्याच्या राजाची मुलगी येऊन दाखल झाली. अभ्यासक तिला ‘सहा आकाश’ या नावाने ओळखतात. तिथली खिळखिळी झालेली गादी सावरणे हा तिच्या येण्याचा हेतू होता. 693 मध्ये काक तिलिव चान चाक हा पाच वर्षांचा मुलगा राजा झाला. तो तिचाच मुलगा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नाव त्याचे असले, तरी कारभार तिचा होता. तिला नुसती ‘पालक राजमाता’ म्हणणे मला अपुरे वाटते, कारण तिच्या कोरीव शिलांपैकी एकीवर ती कैद्याला पायाखाली घेऊन उभी आहे, आणि ही मुद्रा एरवी विजयी राजांची. मात्र नारान्होचे राजबिरुद तिने कधी घेतले नाही; शेवटपर्यंत माहेरचेच लावले.

स्वतःच्या नावाने राज्य करणाऱ्या स्त्रिया मोजक्याच. पालेंके या माया नगरातील योल इकनाल (583 ते 604) ही त्यांपैकी एक.

धर्मविधींतील स्थान पाहायचे, तर मेक्सिकोतील याश्चिलानच्या काबाल शोक राणीकडे वळावे लागते. तिच्या वास्तूच्या दारांवर बसवलेल्या दगडी पट्ट्यांपैकी एकीवर, जी आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, 709 मधील रक्तार्पणाचा प्रसंग कोरला आहे. राणी गुडघ्यांवर बसून काटे ओवलेली दोरी स्वतःच्या जिभेतून ओढते आहे आणि दोरीचे टोक समोरच्या टोपलीत पडते आहे. शेजारच्या पट्टीवर, अशाच विधीनंतर, भल्यामोठ्या सर्पाच्या जबड्यातून एक योद्धा तिच्यासमोर प्रकटतो. देवांशी आणि पूर्वजांशी संपर्क साधणे हे राजेपणाचे मर्म होते, आणि इथे ते राणी करते आहे. शिल्पकाराने तिच्या वस्त्राची वीण इतक्या बारकाईने कोरली आहे की नक्षीचे घर न् घर मोजता यावे. पहिल्या पट्टीवर राजाही आहे. तो तिच्यासमोर मशाल धरून उभा आहे.