पोटॅशियम एका लॅबमध्ये ६.३, दुसरीत ४.४ : खोटं कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६७ वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाब, टेल्मिसार्टनची गोळी चालू. सोमवारी सकाळी सातला गावातल्या कलेक्शन सेंटरवर उपाशीपोटी रक्त दिलं. रिपोर्ट मंगळवारी आला : पोटॅशियम ६.३, साखर ८४, कॅल्शियम ९.२, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.१. सोमवारी रक्त देण्याआधी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर १२६ होती. तुम्ही घाबरून मंगळवारीच वडिलांना जिल्ह्याच्या गावी नेलं, तिथे तासाभरात पोटॅशियम ४.४ आलं. सेंटरवाल्याने सांगितलं की ट्यूब दुपारपर्यंत टेबलावर होती, मग आइस बॉक्समधून संध्याकाळच्या गाडीने शहरात गेली आणि मंगळवारी सकाळी तिथे फिरवली, म्हणजे सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवून पेशी आणि सिरम (पेशींवरचा पिवळसर द्रव) वेगळं केलं. आता तुम्ही विचारताय, यातली कोणती लॅब खोटी.

माझ्या मते दोन्ही नाहीत. मी लॅब टेक्निशियन आहे, बायोकेमिस्ट्रीतच काम करते, आणि असे जोडरिपोर्ट घेऊन आलेली माणसं मला नेहमी भेटतात. शहरातल्या मशिनने ट्यूबमध्ये जे होतं तेच मोजलं. पण त्या ट्यूबमधलं रक्त तोवर तुमच्या वडिलांच्या अंगातल्या रक्तासारखं राहिलेलं नव्हतं.

ट्यूबमध्ये आलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात. त्यांचं काम चालूच राहतं, फक्त आता त्यांना नवी साखर मिळत नाही. तांबड्या पेशींना ऊर्जेसाठी साखरेशिवाय दुसरं काही चालत नाही, त्यामुळे आहे तीच साखर त्या संपवत राहतात. न फिरवलेलं रक्त खोलीच्या तापमानाला ठेवलं तर साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर याहून झपाट्याने. आता हिशोब करा : सकाळी सातला १२६, दर तासाला ६ टक्के घट, दीड वाजेपर्यंत ८४च्या आसपास. ग्लुकोमीटर आणि लॅबच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक आम्ही धरून चालतो, पण १२६ आणि ८४ मधला फरक त्यात बसत नाही. म्हणजे ती साखर टेबलावरच गेली.

पोटॅशियमचं नुकसान नंतर झालं, थंडीत. पेशीच्या आत पोटॅशियम १४०च्या घरात असतं, बाहेरच्या द्रवात ३.५ ते ५. एवढा फरक टिकवायला पेशीच्या भिंतीतले पंप अखंड चालावे लागतात : सोडियम बाहेर, पोटॅशियम आत. चार अंशांवर हे पंप जवळजवळ बंद पडतात आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. रात्रभर आइस बॉक्समध्ये राहिलेल्या न फिरवलेल्या ट्यूबमध्ये ४.४ चं ६.३ होणं मला अजिबात नवलाचं वाटत नाही.

फसगत होते ती इथेच. पेशी फुटल्या असत्या तर सिरम लालसर दिसलं असतं, लॅबने ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा मारला असता आणि दुसरं सॅम्पल मागवलं असतं. पण झिरपताना पेशी फुटत नाही. सिरम स्वच्छ पिवळं दिसतं, मशिनला काही खटकत नाही आणि चुकीचा आकडा खऱ्यासारखा छापून येतो.

दुसरी एक शंका मी आधी तपासून पाहिली. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीच्या, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रसायन, म्हणजे पोटॅशियमयुक्त ईडीटीए, चुकून पोटॅशियम तपासायच्या पिवळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये गेलं तरी पोटॅशियम खोटं वाढतं. पण ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं, त्यामुळे तेव्हा कॅल्शियम पडलेलं दिसतं. तुमच्या वडिलांचं ९.२ आहे. म्हणून मी तो विचार सोडला.

थोडक्यात, साखर उष्णतेत उतरली आणि पोटॅशियम थंडीत चढलं. रक्त घेतल्यावर पिवळ्या टोपणाची ट्यूब अर्धा तास गोठू द्यायची आणि दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी आणि सिरम वेगळं करायचं, हा नियम आहे. ट्यूबमधली जेल मध्ये पडदा धरते. एकदा हे झालं की तीच ट्यूब आइस बॉक्समधून खुशाल शहरात जाऊ दे, पोटॅशियम बिघडणार नाही. मात्र तिथे कुणी तीच जेल ट्यूब पुन्हा फिरवता कामा नये, कारण जेलखाली उरलेलं पोटॅशियमने भरलेलं द्रव वर येतं. साखरेसाठी राखाडी टोपणाची वेगळी ट्यूब असते, तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. तेही सुई काढताक्षणी काम करत नाही, पहिला तास-दीड तास साखर थोडी उतरतेच, पण त्यानंतर स्थिर राहते. वडिलांची साखर राखाडी ट्यूबमध्ये घेतली होती का, हे सेंटरला जरूर विचारा. मला तरी आकड्यावरून तसं वाटत नाही.

गावोगावी कलेक्शन सेंटर झाली याचा मला मनापासून आनंद आहे. पूर्वी साध्या क्रिएटिनिनसाठी म्हातारी माणसं एसटीने दिवसभराचा प्रवास करायची. पण ज्या सेंटरवर सेंट्रिफ्यूज नाही तिथे पोटॅशियमसाठी रक्त घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. छोटं सेंट्रिफ्यूज काही फार महाग यंत्र नाही. ते नसल्यामुळे एखाद्याला रात्री अपरात्री आयसीयूत धावावं लागतं. कधी याच्या उलट होतं, आणि मला ते जास्त भयंकर वाटतं.

उलट म्हणजे उन्हाळ्यात. न फिरवलेली ट्यूब उष्ण जागी असेल, समजा विदर्भातल्या मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत, तर साखर शिल्लक असेपर्यंत पंप उलट जोरात चालतात आणि बाहेरचं पोटॅशियम आत ओढतात. ज्याचं खरं पोटॅशियम ६ आहे त्याचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. साखर संपली की मग ते पुन्हा झिरपायला लागतं. ब्रिटनमध्ये दवाखान्यांतून दूरच्या लॅबकडे जाणाऱ्या सॅम्पलमध्ये हे ऋतुचक्र नीट नोंदलं गेलं आहे : हिवाळ्यात खोटं जास्त, उन्हाळ्यात खोटं कमी. जास्त आलेला आकडा निदान पुन्हा तपासला जातो. नॉर्मल आलेला कोण तपासणार?

तुम्ही शेवटी विचारलंत की सगळीच सॅम्पल सरळ फ्रीजमध्ये ठेवली तर चालणार नाही का. नाही चालणार. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांची पीटी-आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी) निळी ट्यूब खोलीच्या तापमानालाच ठेवायची, कारण थंडीत रक्त गोठवणारा सातवा घटक आपोआप जागा होतो आणि आकडा बदलतो. मेंदूज्वराच्या शंकेने पाठीतून काढलेलं पाणी कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहायला, पाठवायचं असेल तर ते फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण मेनिंगोकोकससारखे नाजूक जंतू थंडीत मरतात आणि कल्चर कोरं येतं. लघवीच्या कल्चरचं नेमकं उलटं : दोन तासांत लॅबमध्ये पोचत नसेल तर फ्रीजमध्येच हवी, नाहीतर डबीत पडलेले चार जंतू दुपारपर्यंत लाखो होतात आणि नसलेल्या संसर्गावर प्रतिजैविकं सुरू होतात. नवजात बाळाच्या काविळीच्या सॅम्पलला उजेड चालत नाही, बिलिरुबिन मोडतं, म्हणून ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळतात. अमोनियाचं सॅम्पल मात्र बर्फातच आणि धावत आणावं लागतं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, त्या मानाने सोशिक, फ्रीजमध्ये आठवडाभर राहू शकतं. म्हणून वडिलांच्या मधुमेहासाठी मी त्या ८४वर नाही, एचबीए१सीवर विश्वास ठेवीन.

आता वडिलांचं. मंगळवारचं ४.४ मला खरं वाटतं, कारण ते रक्त तासाभरात फिरवून तपासलं गेलं. तरीही ६.३ हा आकडा ‘सॅम्पल खराब असेल’ म्हणून घरच्या घरी निकालात काढण्यासारखा नसतो. टेल्मिसार्टनने पोटॅशियम खरोखर वाढू शकतं, मधुमेहात किडनी कमजोर असेल तर अधिकच. असा रिपोर्ट आला की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, ईसीजी काढायचा आणि ताजं रक्त द्यायचं. तुम्ही लगेच धावलात ते योग्यच केलंत. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

पहिला रिपोर्ट फाडू नका. त्यावर रक्त घेतल्याची आणि लॅबला मिळाल्याची वेळ छापलेली आहे का पाहा. ‘घेतल्याची’ वेळ बऱ्याचदा बारकोड लावल्याची असते, म्हणून शेजारी पेनाने सकाळी ७ असं लिहा, ट्यूब मंगळवारी फिरवली हेही लिहा, आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवा. पुढच्या वेळी रक्त देताना मुठी उघडझाप करायला लावली तर वडिलांना नको म्हणायला सांगा, त्यानेही पोटॅशियम वाढतं. आणि हात पुढे करण्याआधी सेंटरवाल्याला विचारा : ट्यूब इथेच फिरवणार का, किती वाजता? उत्तर ‘शहरात गेल्यावर’ असं आलं, तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियमसाठी जिल्ह्याच्याच लॅबमध्ये जा.