वाचकांचे प्रश्न: मायनर लीगचा पगार, पेन्शन आणि त्यानंतरचं कॉलेज

प्रश्न: अमेरिकेत मायनर लीग बेसबॉल खेळणाऱ्याचं पगारावर भागतं का?

उत्तर: मायनर लीग म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या खालच्या, तिथल्या क्लबांसाठी खेळाडू घडवणाऱ्या स्पर्धा. तिथे आता जेमतेम भागतं. २०२३ मध्ये या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला. त्यात वर्षाचा किमान पगार खालून वरच्या पायरीकडे जाताना सिंगल-एला २६,२००, हाय-एला २७,३००, डबल-एला ३०,२५० आणि ट्रिपल-एला ३५,८०० डॉलर ठरला. आधी याच्या निम्म्याच्या आसपास मिळायचे, तेही हंगामापुरते. बहुतेकांच्या राहण्याची सोय २०२२ पासून क्लब करतो. पूर्वी चार-पाच जण मिळून एक फ्लॅट घ्यायचे आणि एखाद्याला बढती मिळाली की त्याचं भाडं मागे राहिलेल्यांच्या गळ्यात पडायचं.

प्रश्न: इतकी वर्षं खेळून पेन्शन मिळते का? कॉलेज अर्धवट सोडलेल्यांनी काय करायचं?

उत्तर: मेजर लीगच्या पेन्शनसाठी मायनर लीगची वर्षं धरत नाहीत, मग ती दहा का असेनात. मेजर लीगच्या संघात ४३ दिवस भरले की पेन्शनचा हक्क लागतो. आरोग्य विमा योजनेत राहण्याच्या हक्काला मात्र एक दिवसही पुरतो. म्हणून ट्रिपल-एमधला तिशीचा खेळाडू दिवस मोजत असतो. पैशाचं गणितही तसंच: २०२३ मध्ये मेजर लीगचा वर्षाचा किमान पगार ७,२०,००० डॉलर होता. तिथे दहा दिवस काढले तरी ट्रिपल-एच्या अख्ख्या वर्षाहून जास्त हाती पडायचे.

खेळ सुटल्यावरच्या कॉलेजचा खर्च करारात लिहिला असेल तर मिळतो, म्हणून शिक्षणाचं पाहायचं ते पहिल्या करारावर सही करताना. किती सेमिस्टर आणि प्रत्येकी किती रक्कम, हे तिथेच लिहून घ्यायचं असतं. शाळेतून थेट आलेल्याने आठ सेमिस्टर मागावीत. कॉलेजची तीन वर्षं झाली असतील तर दोन पुरतात. सही करताना मिळणाऱ्या बोनसच्या आकड्यापुढे हे कलम कुणी नीट वाचत नाही आणि फसगत होते ती पुढे. व्यावसायिक बेसबॉल सुटल्यापासून दोन वर्षांत कॉलेज सुरू करावं लागतं. पुन्हा बोलावणं येईल या आशेवर मुदत निघून गेली की पैसे गेले. कॉलेजच्या संघातून बेसबॉल खेळता येत नाही, पण दुसरा खेळ चालतो. टोरंटोच्या ब्लू जेस क्लबच्या मायनर लीग संघांत सहा वर्षं काढलेला ख्रिस वाइन्की फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळला आणि २००० मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी जिंकली.

प्रश्न: बेसबॉल खेळणारा रिंकू सिंग म्हणजे कोलकात्याचा फलंदाजच ना?

उत्तर: नाही, फक्त नाव एक. हा भालाफेकीतून आलेला. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग क्लबने त्याला आणि दिनेश पटेलला करारबद्ध केलं. असा करार मिळालेले ते पहिले भारतीय. दिनेशला २०१० मध्ये सोडलं. रिंकू सिंगल-एपर्यंत पोचला, २०१३ मध्ये कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि २०१८ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईत कुस्तीला गेला.

या शस्त्रक्रियेत कोपराच्या आतल्या बाजूच्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी दुसरीकडचा स्नायुबंध बसवतात. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवा. मधोमध जी दोरी उठते, ती बहुधा वापरतात. काहींना ती नसतेच, मग मांडीच्या मागचा स्नायुबंध घेतात. पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, परतायला १२ ते १८ महिने लागतात आणि तोवर त्याच्या जागी नव्या ड्राफ्टमधला, म्हणजे क्लबांच्या वार्षिक निवडीतून आलेला, मुलगा उभा असतो.