प्लेटलेट वाढत नाहीत, त्यांना चेव चढतो

नागपूरच्या एका वैद्यकीय विद्यार्थिनीने विचारलंय: हृदयाच्या ऱ्हुमॅटिक झडपविकाराच्या मराठी माहितीपत्रकात 'प्लेटलेट ॲक्टिव्हेशन मार्कर' (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कामाला लागल्याची रक्तातली खूण) यातल्या मार्करला 'निर्देशक' लिहू की 'दर्शक'? तिच्या मसुद्यात पुढे लिहिलंय, 'अशा रुग्णांच्या प्लेटलेट वाढलेल्या असतात.'

दर्शक लिहा. पण आधी ते 'वाढलेल्या' खोडा! डेंग्यूच्या दिवसांत धंतोलीतल्या लॅबांच्या पायऱ्यांवर 'प्लेटलेट किती झाल्या जी?' ऐकून ऐकून आपल्या डोक्यात नुसता आकडा बसलाय. आकडा दीड ते साडेचार लाखांत, म्हणजे नॉर्मल असूनही प्लेटलेट ॲक्टिव्हेट झालेल्या असू शकतात. या विकारात हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झाली की डाव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, रक्त तुंबतं, गुठळीचा धोका वाढतो. एरवी चपटी असणारी प्लेटलेट ॲक्टिव्हेट झाली की गोल होते, तिला काटे फुटतात, ती शेजारणीला चिकटते. तिच्या पोटातल्या कणिकांमधलं पी-सिलेक्टिन हे प्रथिन पृष्ठभागावर येतं, बीटा-थ्रॉम्बोग्लोब्युलिन हे दुसरं प्रथिन रक्तात सांडतं. मोजायचं ते हे.

या ॲक्टिव्हेशनला परिभाषाकोशवाले 'सक्रियण' म्हणतात. सक्रिय तर समितीचे सदस्यही असतात! घरात 'चेव' असताना हा उसना शब्द कशाला? संस्कृत 'चेतति', प्राकृतात मधला त गळून 'चेअइ', जुन्या मराठीत 'चेणे', 'चेवणे', म्हणजे जागं होणं. ज्ञानेश्वरीतला 'चेइला' म्हणजे जागा झालेला. चूल चेतवतो तो शब्दही याच घराण्यातला. चेव म्हणजे फक्त राग, असं म्हणणाऱ्यांनी जुनी मराठी उघडूनच पाहिलेली नाही. निजलेली प्लेटलेट जागी होऊन अंगावर येते, हे सगळं त्या दोन अक्षरांत आहे. माझ्या मते मराठीत याहून नेमका शब्द नाही. दंडाला पट्टा फार वेळ आवळून रक्त ओढलं तर तपासणीआधीच प्लेटलेटना चेव चढतो आणि दर्शक खोटेच वाढलेले दिसतात. हे 'सक्रियण' वापरून सांगून बघा, रुग्णाच्या नातेवाइकाला काही कळणार नाही.

पत्रकासाठी 'चेव' फार रांगडा वाटला, तर 'प्लेटलेट चेतल्याचे दर्शक रक्तात वाढलेले आढळतात' असं लिहा.

आणि ऱ्हुमॅटिकचं 'संधिवाताची झडप' मुळीच करू नका. वाचक गुडघ्याला तेल चोळत बसेल. हा विकार बहुधा लहानपणी स्ट्रेप्टोकॉकसने घसा धरल्यानंतर आलेल्या तापातून उद्भवतो. पत्रकात ते सरळ तसंच लिहा.