निवेदनाने मुदत थांबत नाही

प्रश्न : दक्षिण सोलापूर तालुक्यात माझ्या डाळिंबाच्या बागेत अतिउच्चदाब वाहिनीचा टॉवर आहे. कंपनीच्या लोकांनी मारुतीच्या देवळात बैठक घेऊन ‘योग्य मोबदला’ कबूल केला, म्हणून मी संमतीपत्रावर न वाचता सही केली. प्रत नाही. एप्रिल २०२३ मध्ये पाया खोदला. नंतर चेक आला, तो फारच तुटपुंजा. कृती समितीने जिल्हाधिकाऱ्यांना पाच निवेदने दिली. पुढे काय करावे?

उत्तर : टॉवर काढता येईल का, हा प्रश्न सोडून द्या. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली कंपनीला तार कायद्यातले अधिकार दिलेले असतील, तर तुमच्या संमतीवाचून तिचे अडत नाही. जमीन संपादित झालेली नाही, सातबारा तुमच्याच नावावर राहतो. म्हणून भांडण फक्त नुकसानभरपाईचे. देवळातली बैठक म्हणजे सुनावणी नव्हे.

तुमचे सगळे अडले आहे ते तारखेवर. १८८५ च्या तार कायद्याच्या कलम १६(३) प्रमाणे अपुऱ्या भरपाईचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांकडे करायचा असतो, जिल्हाधिकाऱ्यांकडे नाही. त्या कायद्यात मुदत लिहिलेली नाही, पण केरळच्या वीज मंडळाच्या खटल्यात १९७६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने अशा अर्जाला मुदत कायद्याचा अनुच्छेद १३७ लावला. म्हणजे तीन वर्षे. चेक मिळाल्यापासून मोजा, असे आपण म्हणू शकतो. समोरचा वकील पाया खोदल्यापासून मोजणार. तुम्हीही तोच दिवस धरा. म्हणजे एप्रिल २०२६ च्या आत अर्ज दाखल व्हायला हवा. निवेदनांच्या पोचेवरचा आवक विभागाचा गोल शिक्का मुदत एका दिवसानेही वाढवत नाही. जवळजवळ तीन वर्षे त्या शिक्क्यांवर घालवलीत, आता सहावे निवेदन नको. विलंबमाफीवर तर मुळीच विसंबू नका.

किती मिळतील, हे आज सांगणार नाही. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के, तारांखालच्या पट्ट्याला फार तर १५ टक्के आहेत. जून २०२४ च्या तत्त्वांत २०० आणि ३०. तुमचा पाया त्याआधीचा, तेव्हा नवा दर मागा, पण धरून चालू नका. राज्याचे शासन निर्णय आणखी वेगळे.

संमतीपत्रात ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ असे वाक्य असले तर त्रास होईल. प्रांत कार्यालयात माहिती अधिकारात प्रत मागा, पण तिच्यासाठी अर्ज अडवू नका. आणि सातबाऱ्यावर डाळिंबाची नोंद आहे ना, तेवढे पाहा. बाग उभी आणि पीकपाहणीत ज्वारी, असे उतारे मी बरेच पाहिलेत. तसे निघाले तर झाडांचे फोटो आणि पंचनामाच कामी येईल.

जिल्हा न्यायाधीशांच्या निकालावर अपील नाही, फक्त उच्च न्यायालयात रिट याचिका. ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईऐवजी कोल्हापूरला जावे लागते. निकाल कधी लागेल ते विचारू नका.

समितीतल्या इतरांनाही सांगा, प्रत्येकाचा अर्ज वेगळा करावा लागेल. ज्याचा पाया फेब्रुवारीत खोदला त्याची मुदत तुमच्याआधी संपते.