पहिलंच मॉडेल एफजी ४२ चं करताय?

सुरुवातीलाच एफजी ४२, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन छत्रीधारी सैनिकांची बंदूक निवडलीस, भारी! आधी मॅगझिन बघ: २० गोळ्यांचं, डाव्या बाजूला आडवं. नवशिके हमखास खाली चिकटवतात. (मीही चिकटवलं होतं; मग ब्लेडने सोडवत बसलो.)

मोठी चूक म्हणजे दोन प्रकारांची खिचडी.
- आधीची: मूठ खूप तिरकी, दस्ता (खांद्याला टेकवायचा भाग) पत्र्याचा
- नंतरची: मूठ जवळपास उभी, दस्ता लाकडी, दुपाया नळीच्या तोंडाशी

एकच धर.

१९४१ मध्ये क्रीट या ग्रीक बेटावर उतरलेल्या बहुतेक जर्मन छत्रीधारींकडे पिस्तुलंच होती, रायफली वेगळ्या पेट्यांत. तिथून ही बंदूक सुचली.

एकेक गोळी झाडण्याआधी बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) बंद असतो, सलग माऱ्याआधी उघडा. उघडा असला की नळीला हवा लागून ती थंड होते. गोळीमागच्या गॅसने बोल्ट कसा सरकतो, त्या भानगडीत आत्ताच पडू नकोस.