गणित सोडायला लावू नका

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. मुलगी नुकतीच चांगल्या गुणांनी दहावी झाली. क्लासचे सर म्हणतात, अकरावीला गणित घेऊ नका, पीसीबी ग्रुप घेऊन सगळा वेळ नीटला द्या. पण विज्ञान दिनाला शाळेत एका संशोधिकेचं भाषण झालं, तेव्हापासून मुलगी म्हणते, मला कॉम्प्युटेशनल बायोलॉजीच करायचंय. मल्टिओमिक्स, सिंगल-सेल असे शब्द तिच्या तोंडी असतात. हे नेमकं काय असतं? यात पोट भरतं का? आणि गणिताचं काय करावं?

उत्तर: सर, नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण प्रवेशाची मुदत कुणासाठी थांबत नाही. गणित घेऊ द्या. गणितासकट चारही विषय घेतले तरी नीट देता येते, ती वाट बंद होत नाही. मात्र गणित एकदा सुटलं की तुमची मुलगी ज्या दारापाशी उभी आहे, ते जवळपास मिटतं. असं का म्हणते, ते समजायला आधी त्या संशोधिकेचं काम बघू. कॉम्प्युटेशनल बायोलॉजी म्हणजे जीवशास्त्राचा डेटा गणित आणि कॉम्प्युटरच्या मदतीने उलगडणं.

सिंगल-सेलला मराठीत ‘एकपेशीय’ म्हणू नका, लगेच अमिबा आठवतो. इथे अर्थ आहे, एकेक पेशी सुटी करून मोजणं. पूर्वी गाठीचा तुकडा घेऊन त्यातल्या लाखो पेशींचा आरएनए, म्हणजे डीएनएवरून पेशी काढते त्या कामाच्या प्रती, एकत्रच मोजायचे आणि हाती यायची ती सरासरी. वर्गाची सरासरी ६० टक्के आली, तर सगळी मुलं साठीच्या आसपास आहेत की निम्म्यांना ९० आणि निम्म्यांना ३०, हे त्या आकड्यावरून तुम्हाला सांगता येईल का? औषधाला दाद न देणाऱ्या मूठभर कॅन्सर पेशी अशाच सरासरीत दडून राहायच्या. २००९ साली एकाच पेशीतला आरएनए सिक्वेन्सिंग करून, म्हणजे त्यातली अक्षरं क्रमाने ओळखून, वाचता आला. आज एका प्रयोगात हजारो पेशी वाचल्या जातात.

आता मल्टिओमिक्स. डीएनएची कुठली पानं उघडी आहेत, त्यातून किती आरएनए निघाला, प्रथिनं कोणती बनली, हे सगळं वेगवेगळ्या पद्धतींनी मोजतात. अडचण अशी की मोजायला पेशी फोडावी लागते, आणि एकदा फोडली की ती संपली. म्हणजे तुमच्यापुढे तीन गठ्ठे आहेत असं समजा: गुणपत्रकं, हजेरी आणि आरोग्य तपासणीचे कागद. पण कशावरच नाव नाही, रोल नंबर नाही, आणि तिन्ही गठ्ठे एकाच मुलांचे असतील याचीही खात्री नाही. कुठला कागद कुठल्या प्रकारच्या मुलाचा, हे साम्यावरून जुळवायचं, याला डेटा इंटिग्रेशन म्हणतात. २०१७ साली आलेल्या साइट-सीक पद्धतीने एकाच पेशीतला आरएनए आणि तिच्या पृष्ठभागावरची प्रथिनं दोन्हींवर एकच रोल नंबर टाकायची सोय केली. त्यामुळे काम सोपं झालं, पण संपलं नाही, कारण जगात साठलेला बराचसा डेटा रोल नंबर नसलेलाच आहे.

हे जुळवायला सुरा, स्कॅनपाय अशी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र रंगवणारा फ्रेंच चित्रकार जॉर्ज सुरा, त्याच्यावरून पहिल्याचं नाव पडलं. मला ते फार समर्पक वाटतं.

मग सॉफ्टवेअर आहे तर माणूस कशाला? शिकाऊ मुलं सगळ्यात आधी जो डेटा उघडतात, तोच बघा. एका निरोगी माणसाच्या रक्तातल्या २,७०० पेशी. सुराच्या धड्यात सुरुवातीलाच एक ओळ येते: ज्या पेशीत मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा) आरएनए ५ टक्क्यांहून जास्त, ती काढून टाका. का? मरणाऱ्या पेशीचं आवरण फाटतं, आतला बाकीचा आरएनए वाहून जातो, मायटोकॉन्ड्रियातला मात्र आत राहतो. रक्तासाठी हा नियम ठीक आहे. तोच जसाच्या तसा हृदयाच्या स्नायूला लावला तर? त्या पेशी मुळातच मायटोकॉन्ड्रियाने गच्च भरलेल्या असतात. धडधाकट पेशी कचऱ्यात जातील आणि कॉम्प्युटर एक अक्षर बोलणार नाही.

इथे जीवशास्त्र लागतं. गणित लागतं ते दुसरीकडे. समजा, सगळ्या रुग्णांचे नमुने सोमवारी तपासले आणि सगळ्या निरोगी माणसांचे गुरुवारी. आलेला फरक आजाराचा की वाराचा? असा प्रयोग एकदा होऊन गेला की कुठलंही सॉफ्टवेअर तो दुरुस्त करू शकत नाही. हे आधीच ओळखायला संख्याशास्त्र मुरलेलं असावं लागतं. अकरावीत गणित सोडून बायोटेक केलेली मुलं दरवर्षी माझ्याकडे येतात. कोडिंग ती शिकतात, पण इथे येऊन अडतात. हुशार मुलं असतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

वाटेचं सांगायचं तर पहिली पसंती आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था. त्यांच्या आयएटी या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात, त्यातले १५ गणिताचे. तिथे नाही झालं तर बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स करून पुणे विद्यापीठातून एम.एस्सी. बायोइन्फर्मॅटिक्स (जीवशास्त्राचा डेटा कॉम्प्युटरने हाताळण्याचा विषय), हीसुद्धा भक्कम वाट आहे. नुसत्या बी.एस्सी. बायोइन्फर्मॅटिक्सवर चांगली नोकरी मिळेल, या जाहिरातीवर मात्र जाऊ नका.

पोटाचं स्पष्टच सांगते. पीएच.डी. धरून दहा-अकरा वर्षं जातात. एमबीबीएस साडेपाच आणि एमडी तीन, शिवाय नीटचे रिपीट, हे धरलं तर फार फरक नाही. नेट-गेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षा होऊन फेलोशिप मिळाली तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडं भत्ता, असा २०२३ पासूनचा दर आहे. म्हणजे त्या काळात तुमच्या पगारावर भार पडत नाही. पुढे पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञान), खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (कॅन्सर), हैदराबादचं सीसीएमबी (पेशी आणि रेणूंचं जीवशास्त्र) यांसारख्या संशोधन संस्था आहेत, औषध कंपन्या आहेत. डॉक्टरच्या दवाखान्याएवढा पैसा लवकर दिसणार नाही, हे मुलीलाही आत्ताच सांगा.

तोवर तिला पायथन ही कोडिंगची भाषा शिकू द्या. सहा-आठ महिन्यांत हात बसला की तो २,७०० पेशींचा डेटा गुगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या गुगलच्या कॉम्प्युटरवर, उघडता येईल, भारी लॅपटॉप लागत नाही. मग ५ टक्क्यांच्या जागी आधी २ आणि मग २० घालून बघायला सांगा. दर वेळी कोणत्या पेशी गेल्या आणि का, हे तिने वहीत स्वतःच्या शब्दांत लिहावं आणि ती पानं मला पाठवावीत. मी वाचून उत्तर देईन.