शब्दशंका: 'माकियाज' आणि मेकअप

प्रश्न: इंग्रजीतून मराठीत अनुवाद करताना 'माकियाज' (maquillage) हा मूळचा फ्रेंच शब्द अडला. शब्दकोशात अर्थ 'मेकअप' एवढाच आहे. मग लेखकाने सरळ मेकअप का लिहिलं नसेल? आणि याचा उच्चार नेमका कसा?

उत्तर: आधी उच्चार. स्पेलिंगमध्ये क्यू-यू आणि दोन एल दिसतात म्हणून 'मॅक्विलाज' वाचलं जातं, ते चूक. फ्रेंचमध्ये क्यू-यूचा 'क' होतो आणि इथे आयनंतरच्या दोन एलचा 'य'. म्हणून मा-कि-याज. शेवटचा ज आपल्या 'जग'मधलाही नाही आणि 'जीभ'मधलाही नाही. इंग्रजी 'व्हिजन'च्या मधोमध ऐकू येतो तो. मराठीत त्याला अक्षर नाही. 'मसाज'मध्ये आपण ज वर भागवतो, तसंच इथेही करावं.

शब्दाचा प्रवास फार सुंदर आहे. 'माकिये' हे क्रियापद जुन्या फ्रेंच चोरभाषेतलं, अर्थ 'काम करणे'. मग पत्ते खुणा करून फसवणे अशा लबाडीसाठी ते रुळलं आणि एकोणिसाव्या शतकात नाटकवाल्यांच्या बोलीत चेहरा रंगवण्यासाठी. लबाडीची छटा आजही टिकून आहे: चोरलेल्या गाडीचं रूप पालटून टाकलं तरी फ्रेंच माणूस हेच क्रियापद वापरतो. त्याचं मूळ जुन्या डच भाषेतल्या 'माकेन', म्हणजे 'करणे', या शब्दाशी पोचतं, आणि इंग्रजी 'मेक' त्याचाच भाऊबंद. म्हणजे मेकअप आणि माकियाज मुळात एकाच घरचे!

इंग्रजीत मात्र दोघांची जागा वेगळी. पर्समधल्या डब्या, सकाळी घाईत केलेला मेकअप, यांना कोणी माकियाज म्हणत नाही. म्हटलं तर कृत्रिम वाटतं. फॅशनविषयक लेखन, रंगमंच, किंवा एखाद्या पात्राचा विचारपूर्वक, कसबाने सजवलेला चेहरा, तिथे तो शोभतो. त्याचं अनेकवचन सहसा करत नाहीत. आणि समितीची किंवा संघाची घडण सांगणारा 'मेकअप' असेल तर तिथे माकियाज चालतच नाही.

अनुवादात पात्र कोण बोलतंय ते पाहा. रंगमंचाचा संदर्भ असेल तर 'रंगभूषा' हा आपला तयार, नेमका शब्द आहे. कथेतल्या बाईसाठी 'प्रसाधन' किंवा साधं 'मेकअप'. 'रंगरंगोटी' टाळा, त्यात हिणवणं येतं. लेखकाला तेच अभिप्रेत असेल तरच वापरा.

प्रश्न: 'रूज' हाही फ्रेंचच ना?

उत्तर: हो, फ्रेंचमध्ये मूळ अर्थ 'लाल'. गालांच्या लालीसाठी इंग्रजीने तो अठराव्या शतकात घेतला. आता इंग्रजीत 'ब्लश' किंवा 'ब्लशर' जास्त चालतं, आणि गंमत म्हणजे फ्रेंचांनीही 'ब्लश' उचलला आहे. जुन्या रूजमध्ये एक लाल रंग करडईच्या पाकळ्यांतला असे, शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळलेला. जुन्या मजकुरात 'ज्वेलर्स रूज' दिसला तर मात्र गालाला लावू नका: ती सोनं-चांदी घासून चकाकवण्याची लोहाच्या ऑक्साइडची पूड असते.